हातोडी काय सांगते, काँक्रीट काय सांगतं

जुन्या इमारतीची तपासणी होते, अहवाल हाती येतो आणि त्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. याबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. न तोडता करायच्या चाचण्यांवर, म्हणजे रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळ मोजणारी हातोडी) आणि अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी (यूपीव्ही, काँक्रीटमधून जाणाऱ्या लहरीचा वेग मोजणं) यांवर, किती विसंबायचं हाच बहुतेक प्रश्नांचा गाभा आहे.

प्रश्न: आमची इमारत ३२ वर्षांची आहे. रिबाउंड हॅमरने तळमजल्याच्या कॉलमची ताकद सरासरी ३८ मेगापास्कल दाखवली. त्याच कॉलममधून काढलेल्या कोअरची, म्हणजे ड्रिलने कापून काढलेल्या काँक्रीटच्या गोल तुकड्याची, ताकद २२ भरली. मूळ नकाशांवर एम २०, म्हणजे २० मेगापास्कल दर्जाचं काँक्रीट, असं लिहिलं आहे. खरं कुणाचं मानायचं?

उत्तर: कोअरचं. पण ते मानण्याआधी त्या २२ची एक गोष्ट तपासून घ्या, ती शेवटी सांगतो.

हातोडी काँक्रीटची ताकद मोजतच नाही. स्प्रिंगने सुटलेलं आतलं वजन काँक्रीटला टेकलेल्या दांड्यावर, म्हणजे प्लंजरवर, आदळून किती मागे उसळतं, तेवढंच ती दाखवते. म्हणजे मोजला जातो तो पृष्ठभागाचा कडकपणा, आणि तोही वरच्या साधारण ३० मिमी थराचा. त्या उसळीवरून ताकद काढायला हातोडीसोबत एक आलेख मिळतो. तो आलेख प्रयोगशाळेतल्या कोवळ्या, साधारण १४ ते ५६ दिवसांच्या, कोरड्या पृष्ठभागाच्या ठोकळ्यांवर बेतलेला असतो. तुमचं काँक्रीट ३२ वर्षांचं आहे, त्यामुळे तो आलेख त्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

इतक्या वर्षांत पृष्ठभागावर एक बदल झालेला असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि सिमेंटमधल्या चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं, कॅल्शियम कार्बोनेट होतं. यालाच कार्बोनेशन म्हणतात. हा थर मूळ काँक्रीटपेक्षा कडक असतो. आतलं काँक्रीट जसं होतं तसंच राहतं, पण हातोडी कडक सालीवर आपटते आणि जास्त उसळते. या कारणाने ताकद टोकाच्या परिस्थितीत ५० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकते, असं भारतीय मानक आयएस १३३११च्या दुसऱ्या भागातच नोंदवलेलं होतं. कार्बोनेशन नसलं तरी हातोडीच्या अंदाजात अधिक-उणे २५ टक्के फरक पडू शकतो, हेही त्याच मानकात आहे. आता या चाचणीचे नियम आयएस ५१६च्या पाचव्या भागात आले आहेत, पण हातोडीचा स्वभाव काही बदललेला नाही.

कार्बोनेशन किती खोल गेलं आहे हे पाहणं सोपं आहे. कडेचा तुकडा छिन्नीने फोडा, धूळ फुंकून टाका आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचं अल्कोहोलमधलं १ टक्का द्रावण फवारा. जिथे गडद गुलाबी रंग येतो तिथे चुना शाबूत आहे. जिथे रंग येत नाही तो थर कार्बोनेट झाला आहे. ड्रिलने भोक पाडून त्यात द्रावण टाकू नका. आतली न बदललेली भुकटी भोकाच्या कडेला चिकटते आणि सगळंच गुलाबी दिसतं. रंगहीन थर १ ते २ मिमी असेल तर तो घासून काढता येतो. २० मिमी असेल तर कितीही घासून उपयोग नाही. अशा ठिकाणी हातोडीच्या आकड्याचा ताकदीशी संबंध जोडायचा तर कोअर काढल्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

आता त्या २२कडे वळू. ३८ म्हणजे २२च्या दीडपटीहून बराच जास्त आहे. हा फरक एकट्या कार्बोनेशनचा असण्याची शक्यता कमी. प्रयोगशाळेने दिलेला २२ हा आकडा सिलिंडरचा (गोल कोअरचा जसाच्या तसा) आहे की समतुल्य क्यूबचा (चौकोनी ठोकळ्याच्या हिशोबात बदललेला), हे आधी विचारा. व्यासाच्या दुप्पट लांबीच्या कोअरची ताकद क्यूबमध्ये बदलताना ती १.२५ने गुणतात. २२ जर सिलिंडरचा असेल तर क्यूबमध्ये २७.५ होतो, आणि मग ३८शी असलेली तफावत कार्बोनेशनने समजू शकते. एम २० हा दर्जा क्यूबवर ठरतो, त्यामुळे तुलनाही क्यूबच्या आकड्यांशीच करायची. हा एक शब्द अहवालात नसला की महिनोन्‌महिने वाद चालतो.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात आमच्याकडे हॅमर टेस्ट आहे. आम्ही तिथे उभं राहून काय पाहावं?

उत्तर: सगळ्यात आधी प्लास्टर. ते काढल्याशिवाय कुणी हातोडी टेकवत असेल तर तिथेच थांबवा. गिलाव्यावर मारलेली हातोडी गिलाव्याचीच उसळ दाखवते. प्लास्टर काढल्यावर उघडा पडलेला सुमारे ३०० मिमी लांबी-रुंदीचा भाग हातोडीसोबत येणाऱ्या कार्बोरंडम दगडाने घासून गुळगुळीत करावा. सिमेंटचे पदर, टाचे (छिन्नीच्या खाचा), रंगाचे अवशेष उरू देऊ नयेत. जागा कोरडी असावी. काँक्रीट ओलं असेल तर उसळ कमी येते आणि चांगलं काँक्रीटही कमकुवत दिसतं.

काम सुरू करण्याआधी हातोडी पोलादी ऐरणीवर तपासायला सांगा. इमारतींसाठी नेहमी वापरतात त्या एन प्रकारच्या हातोडीची उसळ ऐरणीवर ८०च्या आसपास, साधारण ७८ ते ८२ यायला हवी. ती ७४ येत असेल तर आत धूळ साचली आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. अशा हातोडीचा एकही आकडा कामाचा नाही. ही तपासणी दिवसाच्या शेवटी पुन्हा करायला लावा, कारण धुळीत दिवसभर ठोकून हातोडी सरकू शकते.

एका जागी १० ठोके. दोन ठोक्यांमध्ये किमान २५ मिमी अंतर, आणि कडेपासून त्याहून थोडं जास्तच. एकाच ठिकाणी दोनदा मारू नये, कारण पहिल्या ठोक्याने तिथली जागा चेपलेली असते. प्रत्येक ठोक्यानंतर खुणेकडे पाहा. तिथे काँक्रीट चुरगळलं असेल किंवा आत पोकळी उघडी पडली असेल तर तो आकडा टाकून द्यावा. ठोका थेट मोठ्या खडीवर बसला तर उसळ जास्त येते. अमेरिकन मानक एएसटीएम सी ८०५मधला नियम सोपा आहे: १० आकड्यांची सरासरी काढा, सरासरीपासून ६पेक्षा जास्त दूर असलेले आकडे वगळा, असे आकडे दोनापेक्षा जास्त निघाले तर त्या जागेची सगळी मोजणी रद्द.

हातोडी कोणत्या दिशेला धरली होती, हे प्रत्येक जागेसमोर लिहिलंच पाहिजे. कॉलमवर ती आडवी धरतात. स्लॅबच्या खालून वर मारताना गुरुत्वाकर्षणाने वजन परत येण्यास मदत होते, म्हणून उसळ जास्त दिसते. वरून खाली मारताना उलट. साध्या हातोडीत ही दुरुस्ती आलेखातून करावी लागते. आदळण्याआधीचा आणि नंतरचा वेग मोजणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक हातोड्यांना दिशेचा फरक पडत नाही, पण त्यांचा आकडा जुन्या हातोडीच्या तक्त्यात घालून ताकद काढणं ही सरळ चूक आहे. दोन्हींची मोजपट्टी वेगळी असते.

आणि १०० मिमीपेक्षा पातळ भागावर मोजमाप घेतलं असेल तर ते बाजूला ठेवा. पातळ भाग ठोक्याने थरथरतो, ठोक्याची ऊर्जा त्यात जाते आणि उसळ खरी राहत नाही.

प्रश्न: यूपीव्ही चाचणीत आमच्या कॉलममध्ये ४.३ किमी प्रति सेकंद वेग आला. तपासनीस म्हणतात, ‘काँक्रीट एम ३०च्या वरचं आहे.’ वेगावरून दर्जा असा काढता येतो का?

उत्तर: नाही, आणि या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणं गरजेचं आहे, कारण वेगाचा आकडा हातोडीच्या आकड्यापेक्षा अधिक शास्त्रीय वाटतो आणि म्हणून लोकांची दिशाभूलही जास्त करतो.

या चाचणीत एका बाजूच्या ट्रान्सड्यूसरमधून सोडलेली, साधारण ५४ किलोहर्ट्झची ध्वनिलहर दुसऱ्या बाजूला पोहोचायला किती मायक्रोसेकंद लागतात हे मोजतात. अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. वेग अवलंबून असतो काँक्रीटच्या ताठरपणावर आणि घनतेवर. ताठरपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ताठरपणा ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरला आहे. दोन्ही एकत्र केलं की ताकद वेगाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते, असं दिसतं. हे ढोबळ गणित आहे, पण धोका नेमका कुठे आहे हे त्यातून कळतं: वेगात छोटी चूक झाली की ताकदीत ती चौपट होऊन येते.

एक उदाहरण घ्या. कॉलमचं काँक्रीट ३०० मिमी आहे आणि वेळ आली ७५ मायक्रोसेकंद. वेग झाला बरोबर ४.० किमी प्रति सेकंद. मोजण्याच्या जागेवरचं प्लास्टर काढलं होतं, पण कॉलमची जाडी मात्र बाजूच्या प्लास्टर असलेल्या भागावरून टेपने घेतली. दोन्हीकडे मिळून २५ मिमी प्लास्टर असेल तर अंतर ३२५ मिमी लिहिलं गेलं, आणि वेग झाला ४.३३. कागदावर फरक फक्त ८ टक्के दिसतो. चौथ्या घाताने ताकद मात्र सुमारे ३८ टक्के फुगते! म्हणून अंतर किमान १ टक्का अचूकतेने मोजायला हवं. ३०० मिमीला ३ मिमीची चूक एवढीच मुभा.

अंतर बरोबर असलं तरी वेग इतर कारणांनी बदलतो. काँक्रीट ओलं असेल तर वेग वाढतो, कारण पोकळ्यांमध्ये हवेऐवजी पाणी असतं. खडीचं प्रमाण जास्त असेल किंवा खडीचा दगड घट्ट असेल तरी वेग वाढतो, ताकद तीच राहून. पोलादातून लहर काँक्रीटपेक्षा वेगाने जाते, म्हणून सळईला समांतर रेषेत मोजणी झाली असेल तर वेग फसवतो. पाण्याने भरलेली भेगसुद्धा लहर सहज ओलांडते. यावर उपाय म्हणजे आधी कव्हर मीटरने सळया शोधून त्यांच्या जागा खडूने आखणं आणि मग मोजणीची रेषा निवडणं.

मोजणीचे प्रकारही अहवालात वेगवेगळे दाखवायला हवेत. समोरासमोरच्या बाजूंवर केलेली थेट मोजणी सगळ्यात भरवशाची. दोन लगतच्या बाजूंवरून केलेली अर्ध-थेट मोजणी चालते. एकाच बाजूवर दोन्ही ट्रान्सड्यूसर ठेवून केलेल्या मोजणीत लहर मुख्यतः वरच्या थरातूनच जाते, आणि वेग थेट मोजणीपेक्षा कमी येतो. तिन्ही प्रकारचे आकडे एकाच स्तंभात घालून त्यांची सरासरी काढलेली दिसली तर ती सरासरी विसरून जा.

मग यूपीव्हीचा उपयोग काय? फार मोठा आहे, फक्त वेगळा आहे. एकाच इमारतीतल्या एकसारख्या कॉलममध्ये बाकी सगळीकडे ४.१ ते ४.३ येत असताना एका ठिकाणी ३.२ आलं, तर तिथे आत हनीकोंब (खडीमध्ये राहिलेल्या पोकळ्या), भेग किंवा कमी दाबलं गेलेलं काँक्रीट आहे हे जवळपास नक्की. हे काम हातोडी करू शकत नाही. आयएस १३३११च्या पहिल्या भागात ४.५च्या वरच्या वेगाला उत्तम, ३.५ ते ४.५ला चांगलं, ३ ते ३.५ला मध्यम आणि ३च्या खाली शंकास्पद असं म्हटलं होतं. आयएस ५१६मध्ये आल्यावर या मर्यादा बदलल्या, म्हणून तुमच्या अहवालात कोणता तक्ता वापरला आहे ते बघा. पण दोन्ही तक्ते काँक्रीटच्या गुणवत्तेबद्दल, म्हणजे ते किती एकसंध आणि भरीव आहे याबद्दल बोलतात. त्यांत एम ३० कुठेच लिहिलेलं नाही.

प्रश्न: हॅमर आणि यूपीव्ही दोन्ही केल्या तर कोअर टाळता येतील का?

उत्तर: टाळता येणार नाहीत, कमी करता येतील. दोन्ही आकडे एकत्र वापरण्याच्या पद्धतीला सॉनरेब म्हणतात. त्यामागचा विचार चांगला आहे: ओलाव्याने वेग वाढतो पण उसळ कमी होते, त्यामुळे दोघांच्या चुका एकमेकींना काही प्रमाणात छाटतात. पण त्या सूत्रातले गुणक तुमच्याच इमारतीच्या कोअरवरून काढावे लागतात. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या खडीवरचे तयार गुणक वापरले तर पुन्हा अंदाजच उरतो, फक्त तो दोन यंत्रांचा होतो.

प्रश्न: कोअर किती घ्यावेत, कुठून घ्यावेत? कॉलम कमजोर होणार नाही ना? आणि आकडे आल्यावर पुढे काय करायचं?

उत्तर: आधी हातोडी आणि यूपीव्ही संपूर्ण इमारतीवर करून घ्या. मग त्या आकड्यांवरून इमारतीचे गट पाडा: मजले, वेगळ्या वेळी झालेलं काम, कॉलम आणि स्लॅब. प्रत्येक गटात सगळ्यात कमी, मधल्या आणि सगळ्यात जास्त आकड्यांच्या जागा निवडून तिथे कोअर घ्यावेत. हाताशी येतील तिथले किंवा फक्त चांगल्या दिसणाऱ्या जागांचे कोअर घेतले तर पुढचं सगळं गणित एका बाजूला झुकतं. आयएस ४५६ तीनपेक्षा कमी कोअर कधीच पुरेसे मानत नाही. हातोडीचं ताकदीशी नातं जोडायचं असेल तर तीन फार कमी पडतात. एएसटीएम सी ८०५ सहा जागा आणि प्रत्येक जागी दोन कोअर सुचवतं. ते अशक्य असेल तर प्रत्येक गटात किमान सहा ते आठ जागा तरी गाठाव्यात.

कॉलमला धोका असतो, हे मान्य करूनच नियोजन करा. ३०० मिमी चौरस कॉलममध्ये १०० मिमी व्यासाचा, २०० मिमी लांब कोअर काढला तर त्या पातळीवर २२ टक्के क्षेत्र जातं. ७५ मिमी व्यासाचा, १५० मिमी लांब कोअर घेतला तर साडेबारा टक्के जातं. खडी २० मिमीची असेल तर ७५ मिमी व्यास चालतो, कारण व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या तिप्पट हवा. कॉलमच्या उंचीच्या मधल्या भागातून घ्यावा; बीमच्या जोडापाशी किंवा सळया एकमेकींवर चढवलेल्या जागी घेऊ नये. आधी कव्हर मीटरने सळया शोधा आणि उभी सळई कापली जाणार नाही याची खात्री करा. कॉलम जास्त भाराखाली असेल किंवा आधीच तडकलेला असेल तर संरचना अभियंत्याच्या सांगण्याप्रमाणे टेकू लावल्याशिवाय ड्रिल सुरू करू नये. भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी मिश्रणाने) भरून घ्या. मात्र भरलेलं ग्राउट आधीपासूनच्या भाराचा वाटा उचलत नाही, फक्त त्यानंतर वाढणाऱ्या भाराचा उचलतं. म्हणून आधी आकार कमी ठेवणं महत्त्वाचं.

कोअर फोडण्याआधी त्याच्यावर इमारतीतली जागा लिहून फोटो काढायला सांगा. खडीची मांडणी, पोकळ्या, सळईखालची पाण्याने सोडलेली पोकळ रेघ हे सगळं त्या गोल तुकड्यावर उघडं दिसतं, आणि ताकदीचा एक आकडा कधीच सांगणार नाही ते त्यातून कळतं. कोअरमध्ये सळईचा तुकडा आला असेल तर तसं अहवालात हवं. कॉलमच्या वरच्या टोकाला काँक्रीट खालच्यापेक्षा कमजोर असतं, कारण ओतताना पाणी वर चढतं. म्हणून कोअरची जमिनीपासूनची उंचीही नोंदवावी.

आता नातं जोडणं. समजा सहा जागी हातोडीच्या आलेखाने ३४, ३१, ३८, २९, ३६, ३३ मेगापास्कल दाखवले आणि तिथल्या कोअरची समतुल्य क्यूब ताकद २३, २२, २७, १८, २५, २३ निघाली. प्रत्येक जागी कोअर भागिले हातोडी केलं तर ०.६८, ०.७१, ०.७१, ०.६२, ०.६९, ०.७० येतात. सरासरी सुमारे ०.६८, आणि आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. अशा गटात बाकीच्या सगळ्या हातोडीच्या आकड्यांना ०.६८ने गुणून वापरता येईल. हेच गुणोत्तर कुठे ०.५ आणि कुठे १.१ असं पसरलं तर एक गुणक लावणं फसवं. तो गट आणखी फोडा किंवा कोअर वाढवा. तरीही जमत नसेल तर त्या इमारतीत हातोडी फक्त तुलनेपुरती ठेवा.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, आयएस ४५६मधला ८५ आणि ७५ टक्क्यांचा नियम. कोअरची सरासरी ठरलेल्या दर्जाच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नाही, तर काँक्रीट स्वीकारायचं, असा तो नियम आहे. तो नव्या, वादात असलेल्या काँक्रीटसाठी आहे. जुन्या इमारतीच्या मजबुतीची पुन्हा तपासणी करताना तो लावून ‘पास’ लिहिणं चुकीचं. दुसरी चूक, सरासरीलाच दर्जा म्हणणं. सरासरी २४ आणि पसरण, म्हणजे प्रमाण विचलन, ४ असेल तर पुरेसे नमुने असताना गणितात धरायची ताकद २४ उणे १.६५ गुणिले ४, म्हणजे १७.४ होते. नमुने कमी असतील तर १.६५ऐवजी मोठा गुणक घ्यावा लागतो आणि आकडा आणखी खाली येतो. ‘एम २४’ असं लिहिलेला अहवाल मिळाला तर हा हिशोब मागून घ्या.

प्रश्न: आमच्या बीमच्या खालून काँक्रीटच्या पापड्या पडतात, सळया गंजलेल्या दिसतात. पण हॅमर आणि यूपीव्हीचे आकडे चांगले आले, म्हणून दुरुस्तीची घाई नाही असं काही सदस्य म्हणतात. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. दोन्ही चाचण्या काँक्रीटकडे पाहतात, गंजाकडे नाही. सळई गंजली की तिचा फुगवटा आवरण फोडतो, सळईचा छेद घटतो, आणि हे सगळं होत असताना बीमच्या मधल्या गाभ्याचं काँक्रीट अगदी उत्तम असू शकतं. हातोडी तिथे छानच आकडा देईल. तुमच्या बाबतीत कार्बोनेशनची खोली आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण यांची तुलना हा पहिला प्रश्न आहे, कारण कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचलं की तिचं गंजापासूनचं संरक्षण जातं: कार्बोनेशन १५ मिमी आणि आवरण २० मिमी असेल तर सळईपर्यंत पोहोचायला आता ५ मिमीच उरले आहेत. सोबत क्लोराइड (गंज वाढवणारे क्षार) तपासावं आणि हाफ सेल चाचणी, म्हणजे सळईच्या विद्युत विभवाची मोजणी, करावी. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडशी तुलना करता उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. दिसणाऱ्या पापड्या मात्र आताच काढून, सळई किती उरली आहे ते व्हर्निअर कॅलिपरने मोजून घ्या. लटकलेल्या तुकड्यांखालून लोक जात असतील तर त्याला तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबण्याचं कारण नाही.

प्रश्न: पूर्वी पॉलिमर मॉर्टरने दुरुस्त केलेल्या कॉलमवर हॅमर टेस्ट केली तर चालेल का?

उत्तर: नाही. हातोडी त्या मॉर्टरची उसळ दाखवेल. नेहमीच्या लोखंडी हातोडीने हलके ठोकून आवाजावरून दुरुस्तीची कड शोधा. सुटलेला भाग पोकळ वाजतो. दुरुस्ती झालेल्या जागा नकाशावर आखून त्या मोजणीतून वगळा. नाहीतर सगळ्यात जास्त आकडा त्या जागांचाच येतो आणि कोअरसाठी त्याच जागा निवडल्या जातात.